वॉटर-कूल्ड पीसीचं ओव्हरक्लॉकिंग: आधी काय, मग काय

जानेवारीत ओव्हरक्लॉक केलेले, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणारे पीसी एप्रिलमध्ये निळी स्क्रीन दाखवू लागतात, हा कोल्हापुरात दरवर्षी ठरलेला प्रकार. थंडीत खोलीत वीस-बावीस अंश असतात, तेव्हा कुठलाही कूलर भारीच वाटतो. तोच पीसी उन्हाळ्यात भर दुपारी, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर चालवा आणि मग बोला. रेडिएटरमधलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच वर सरकतो, मग कूलर कितीही महागाचा असो.

दुसरा घोळ क्रमाचा. बायोस (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जचा मेनू) उघडायचं, व्हिडिओत दिसलेला आकडा टाकायचा, सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी एकदा पळवायची आणि ग्रुपवर फोटो: ‘जाळ अन् धूर संगटच!’ आठवड्याभरात त्याच ग्रुपवर पुढचा निरोप येतो, ‘भावा, नुसतं यूट्यूब बघताना रीस्टार्ट होतोय.’ पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. लेखात गृहीत धरलंय की तुमच्याकडं बंद लूपचा, म्हणजे पाणी भरूनच येणारा एआयओ कूलर आहे, २४० किंवा ३६० मिलिमीटरचा. स्वतः नळ्या जोडून केलेल्या लूपबद्दल तिसऱ्या टप्प्यात थोडं आहे.

## टप्पा १: मुळात वाव आहे का ते बघा

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड (झेड६९०, झेड७९०, झेड८९०) अशी जोडी लागते. बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) नाही. एएमडीकडं बी६५० किंवा एक्स६७० चालतो, ए६२० चालत नाही. रायझन ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचे मल्टिप्लायर कुलूपबंद आहेत. ७८००एक्स३डीवर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज खाली आणणारं सेटिंग, टप्पा ५ बघा) वापरता येतो आणि तेवढाच पुरेसा आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर माझं मत सरळ आहे: वेग वाढवायच्या फंदात पडू नका. या पिढ्यांत जास्त व्होल्टेजमुळं प्रोसेसर कायमचा बिघडण्याचा दोष निघाला. त्यावर इंटेलनं २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे सुधारित संच) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सप्टेंबर २०२४ चा ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असलेला बायोस आधी टाका, ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा आणि पीसी आहे तसा वापरा.

बाकीच्यांनीही बायोस आत्ताच अद्ययावत करून घ्यावा, नंतर नको. बायोस बदलला की जपून ठेवलेली प्रोफाइलं बहुतेक बोर्डांवर पुसली जातात.

सावध: बायोस टाकण्याआधी विंडोजचं बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का ते बघा. असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे काम काढू नका. पहिला गडगडाट झाला की लाईट जाते, आणि बायोस लिहिताना लाईट गेली तर बोर्ड घेऊन दुकानाची वाट धरावी लागते.

ओव्हरक्लॉकनं झालेलं नुकसान इंटेल किंवा एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. हे घरात आधी सांगून ठेवा, विशेषतः पीसीचे पैसे दुसऱ्या कुणी दिले असतील तर.

## टप्पा २: वीज

या टप्प्याला कोणी वेळ देत नाही, आणि ‘रॅंडम’ रीस्टार्टची बरीच कारणं इथंच सापडतात.

शिवाजी पेठ, शुक्रवार पेठ भागातल्या जुन्या घरांत विजेच्या बोर्डाला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकामागं तार असतेच असं नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मोजायचीही गरज नाही, अर्थिंग नाहीच.

मग यूपीएस. घरोघरी जो ६०० व्हीएचा डबा असतो तो साधारण ३६० वॅट देतो. गेमिंग पीसीचा प्रोसेसर दीडशे वॅट, ग्राफिक्स कार्ड अडीचशे वॅट. हिशेब तिथंच संपला. जास्त लोडवर हा यूपीएस ‘टीं’ करून बंद पडतो आणि दोष ओव्हरक्लॉकला लागतो. चाचण्या करताना असा छोटा यूपीएस मधून काढा किंवा मोठा घ्या.

एसएमपीएसवरून (पीसीच्या पॉवर सप्लायवरून) प्रोसेसरला जाणारी आठ पिनांची वायर थेट हवी. मोलेक्सवरून बनवलेला कन्व्हर्टर असेल तर तो आधी काढा.

## टप्पा ३: कूलर जागेवर आहे ना

रेडिएटर कॅबिनेटच्या छतावर लावलेला सर्वांत चांगला. पुढं लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असलं पाहिजे. कारण सोपं आहे: बंद लूपमध्ये थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंप असेल तर पंप कोरडा फिरतो आणि लवकर मरतो. रेडिएटर खाली तळाला लावलेले पीसी दिसायला छान असतात, पण पंपाचं आयुष्य त्यात जातं.

पंपाची वायर ‘एआयओ पंप’ लिहिलेल्या पिनांवर लावा आणि बायोसमध्ये तिला कायम पूर्ण वेग द्या. ती ‘सीपीयू फॅन’वर लावली आणि तिथं फॅनची चढ-उतार चालू राहिली, तर प्रोसेसर थंड दिसताच पंप मंदावतो. ही चूक मी इतक्या पीसींत पाहिली आहे की आता कॅबिनेट उघडल्यावर नजर आधी त्या वायरीकडंच जाते.

आता मोबाइलचा टॉर्च घ्या आणि रेडिएटरच्या पात्यांवर तिरका धरा. पलीकडून उजेड दिसला पाहिजे. शिवाजी उद्यमनगरच्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये राखाडी-काळी, बोटाला चिकटणारी बारीक धूळ बसते. ती कोरड्या ब्रशनं निघत नाही, उलट आत दाबली जाते. फॅन सोडवा आणि पंखा लागत होता त्याच्या उलट बाजूनं ब्लोअर मारा. फॅनवर हवा मारताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

पेस्ट दोन-तीन वर्षांची झाली असेल तर नवी लावा. पंपाचे स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. नवा कूलर असेल तर तांब्याच्या पट्टीवरची पारदर्शक फिल्म काढली का ते बघा. हसू नका, ती राहते.

तपासा: पीसी दहा मिनिटं लोडवर चालवून दोन्ही नळ्यांना हात लावा. दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागल्या पाहिजेत. एक चांगली गरम आणि दुसरी गार असेल तर पाणी नीट फिरत नाही. पंपातून सतत गुळगुळ आवाज येत असेल तर हवा अडकली आहे. कॅबिनेट हळूहळू वाकडं-तिकडं करून ती रेडिएटरमध्ये जाऊ द्या. एवढं करूनही फरक नसेल तर ओव्हरक्लॉक विसरा, आधी कूलर बदला.

पावसाळ्यात एक प्रश्न हमखास येतो: हवेत एवढी ओल, नळ्यांवर पाणी जमणार नाही का? नाही. नळीतलं पाणी खोलीपेक्षा गरमच असतं, त्यावर दव धरत नाही. नळीवर थेंब दिसला तर ती गळती समजा आणि बटण बंद करा.

स्वतः जोडलेल्या लूपवाल्यांसाठी दोनच गोष्टी. तांब्याच्या ब्लॉकबरोबर अॅल्युमिनियमचा रेडिएटर लावू नका, दोन धातूंत गंज सुरू होतो. आणि बॅटरीचं पाणी किंवा आरओचं पाणी ओतून भागवू नका; गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळलेलं तयार कूलंट घ्या. भरल्यावर बाकी पीसीला वीज न देता नुसता पंप चोवीस तास चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून.

## टप्पा ४: काही न बदलता नोंद

इथपर्यंत बायोसमध्ये वेगाला हात लावलेला नाही, आणि अजूनही लावायचा नाही. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइलसुद्धा तूर्त बंद ठेवा. तेही ओव्हरक्लॉकच आहे. आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या.

एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट, वेग दाखवणारा प्रोग्राम) उघडा, सिनेबेंच आर२३ तीस मिनिटांवर लावा. तीस मिनिटं का? पाणी तापायला वेळ लागतो. हवेच्या कूलरचा आकडा तीन-चार मिनिटांत स्थिरावतो. पाण्याचा पंधरा-वीस मिनिटं चढतच असतो. एका फेरीनंतर ‘बहात्तरच अंश!’ म्हणून खूश होणारे इथंच फसतात.

वहीत पाच आकडे लिहा: खोलीचं तापमान (साधा थर्मामीटर रेडिएटरला जिथून हवा मिळते तिथं ठेवून), प्रोसेसरचं स्थिरावलेलं तापमान, तो खात असलेले वॅट, प्रत्यक्ष वेग आणि गुण.

आता वजाबाकी. समजा रायझन ७७००एक्स आहे. खोली २२ अंश, प्रोसेसर ७८ अंश, वॅट १४२. फरक ५६. हा फरक हा तुमच्या कूलरचा खरा आकडा. ऋतू बदलला तरी तो फारसा बदलत नाही. उन्हाळ्यात खोली ३८ धरली तर ३८ अधिक ५६, म्हणजे ९४. या प्रोसेसरची मर्यादा ९५. म्हणजे जानेवारीत ‘अजून भरपूर जागा आहे’ असं वाटणाऱ्या पीसीत खरं तर एक अंश शिल्लक आहे, आणि तोही काहीही न वाढवता.

रायझन ७००० मालिका (एक्स३डी सोडून) पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथं वेग आवरते, तशीच ती बनवली आहे. त्यामुळं ९५ दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तिथं पोचल्यावर आणखी वेग मिळणार नाही, हेही खरं.

तपासा: उन्हाळी हिशेबाचा आकडा मर्यादेपेक्षा किमान दहा अंश कमी येतोय का? येत नसेल तर पुढच्या टप्प्यात वॅट कमी करून सुरुवात करायची, वाढवून नाही.

## टप्पा ५: आधी व्होल्टेज खाली, मग वेग वर

उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दहा टक्के वाढवला की एकवीस टक्के जास्त वॅट, वेग तोच असला तरी. म्हणून पहिला प्रयत्न व्होल्टेज वाढवण्याचा कधीच नको.

एएमडी रायझन. बायोसमध्ये पीबीओ (एएमडीची वेग वाढवण्याची सोय) ‘अॅडव्हान्स्ड’वर न्या. पुष्कळ बोर्डांत हा मेनू दोन ठिकाणी असतो, एकदा बोर्ड कंपनीचा आणि एकदा ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’ नावाखाली. एकाच ठिकाणी बदला, दुसरा ऑटोवर राहू द्या.

पीबीओच्या मर्यादा ‘मदरबोर्ड’वर ठेवू नका. त्यानं वॅटची वेसण सुटते आणि २४० चा कूलर घामाघूम होतो, गुण मात्र किरकोळ वाढतात. पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या वॅटची मर्यादा, हातानं टाका. १०५ वॅट टीडीपीच्या (कंपनीनं लिहिलेल्या वॅटच्या) चिपला मूळ पीपीटी १४२ असतो, ६५ वॅटवाल्याला ८८. वरच्या उदाहरणातल्या पीसीला मी १२० देईन: फरक वॅटच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ५६ चा साधारण ४७ होतो आणि उन्हाळ्यात ८५ अंशांवर थांबतो. तापमान मर्यादाही ८५ टाका, म्हणजे एखाद्या दिवशी खिडकी बंद राहिली तरी पीसी स्वतःला आवरेल. ६५ वॅटवाल्यांना उलट वाव असतो; ८८ वरून दहा-दहानं वाढवा आणि दर वेळी वजाबाकी करा.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर, सर्व कोअर, निगेटिव्ह, १०. चाचणी. मग १५. मग २०. इथं लोकांचा एक गैरसमज असतो: निगेटिव्ह टाकला तरी तापमान का उतरत नाही? कारण प्रोसेसर वाचलेले वॅट लगेच वेगावर खर्च करतो. तापमान उतरवणारा आकडा पीपीटी. कर्व्हनं त्याच वॅटमध्ये जास्त वेग मिळतो. दोन्ही मिळून १२० वॅटमध्ये जवळपास मूळ १४२ चे गुण परत येतात, हाच यातला खरा फायदा.

सर्वांत शेवटी बूस्ट ओव्हरराइड (सर्वाधिक वेगाची मर्यादा वाढवणारं सेटिंग), ५० मेगाहर्ट्झच्या पायरीनं. २०० पर्यंत जाता येतं, पण तिथं टिकणाऱ्या चिपा कमी. स्केलरला हात लावू नका.

इंटेल ‘के’. लोडवर सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) एकत्र चालताना एचडब्ल्यूइन्फोत जो मल्टिप्लायर दिसतो, तो लिहून घ्या. व्होल्टेज ‘अॅडॅप्टिव्ह’ ठेवून आधी ऑफसेट निगेटिव्ह टाका, ०.०२५ व्होल्टच्या पायरीनं, जिथं चाचणी फसते तिथून एक पायरी मागं या. मग मल्टिप्लायर एकनं वाढवा. फसला तर ऑफसेट एक पायरी वर. ई-कोअर आणि रिंगचा वेग तसाच राहू द्या. रोजच्या वापराच्या पीसीला लोडवर १.३५ व्होल्टच्या वर मी नेत नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज किती घसरू द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सर्वांत कडक पायरीवर लोड सुटताना व्होल्टेजची उसळी येते, आणि ती विंडोजमधल्या आकड्यांत दिसतही नाही.

सावध: एका वेळी एकच बदल. दोन केले आणि पीसी पडला, तर कोणामुळं पडला ते कळत नाही आणि दोन्ही मागं घ्यावे लागतात.

बोर्डाचं ‘एआय ओव्हरक्लॉक’ किंवा ‘गेम बूस्ट’ बटण दाबू नका. कोणत्याही चिपवर चालावं म्हणून ते व्होल्टेज मोकळ्या हातानं ओतण्याकडं झुकतं. त्यात तुमच्या वजाबाकीचा विचार नसतो.

## टप्पा ६: कसोटी

क्रम असा: सिनेबेंच तीस मिनिटं, ओसीसीटी किंवा प्राइम९५ एक तास, मग कोअरसायकलर रात्रभर.

तिसरी चाचणी टाळली जाते आणि यूट्यूब बघताना रीस्टार्ट होणारे पीसी त्यातूनच तयार होतात. निगेटिव्ह कर्व्हचा पीसी पूर्ण लोडवर सहसा पडत नाही, तेव्हा वेग कमी असतो. एकटाच कोअर सर्वाधिक वेगावर उडी मारतो तेव्हा व्होल्टेज अपुरा पडतो, आणि ही उडी नेमकी हलक्या कामात येते. कोअरसायकलर एकेका कोअरला आळीपाळीनं असं पळवतो आणि कोणता कोअर फसला ते नावानिशी सांगतो. त्या कोअरचा आकडा २० वरून १५ वर आणा, बाकीचे तसेच. बहुधा चिपमधले सर्वांत चांगले कोअरच आधी फसतात. ते मुळातच कमी व्होल्टेजवर ताणलेले असतात.

चाचणी पास झाली तरी दोन ठिकाणी डोकवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टम’ नोंदींत ‘व्हीया-लॉगर’ (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसतोय का? दिसला तर पीसी पडला नसला तरी स्थिर नाही. आणि एचडब्ल्यूइन्फोत ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे खरा सरासरी वेग, बघा. दाखवलेला वेग वाढलाय पण इफेक्टिव्ह मागं राहतोय, गुणही घटलेत, म्हणजे चिप आतून दम घेतेय. व्होल्टेज फार खाली गेलाय.

तपासा: शेवटची तीस मिनिटांची फेरी दुपारी दोनच्या सुमाराला, पंखा आणि एसी बंद ठेवून करा. वहीतली वजाबाकी पुन्हा करा.

## टप्पा ७: आता रॅम

प्रोसेसर स्थिर झाल्यावरच एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा. रायझन ७००० ला डीडीआर५-६००० पुढं जाऊन फारसं हाती लागत नाही. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचा) १.३ व्होल्टच्या आत हवा. २०२३ मध्ये काही चिपा जळाल्यानंतर एएमडीनं बायोसमधूनच ही मर्यादा घातली. जुना बायोस असेल तर ती तुमच्याकडं नसेल.

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या करा. एकही चूक चालत नाही. प्रोसेसर फसला की पीसी पडतो आणि कळतं. रॅम फसली की फायली गुपचूप खराब होतात आणि महिन्यानं लग्नाचे फोटो उघडत नाहीत.

## टप्पा ८: पीसी उठलाच नाही तर

डीडीआर५ चा पीसी रॅमच्या बदलानंतर पहिल्यांदा उठायला काही मिनिटं घेतो, स्क्रीन काळीच राहते. पंखे फिरत असतील तर दहा मिनिटं हात बांधून बसा. मधेच बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

तरीही नाही उठला तर मेन स्विच बंद करा, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, मग बोर्डवरच्या, बायोस मूळ सेटिंग्जवर आणणाऱ्या ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं दहा सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असू शकतो, म्हणून पिनांची जागा मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवा.

## टप्पा ९: नंतरची देखभाल

सगळी सेटिंग्ज बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जपा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. कूलर पाण्याचं तापमान दाखवत असेल तर रेडिएटरचे फॅन त्यावर चालवा, प्रोसेसरच्या तापमानावर नको. प्रोसेसर सेकंदात पंधरा अंश उडी मारतो आणि फॅन उगाच वर-खाली रडत बसतात. बंद एआयओला पाणी साधारण ६० अंशांच्या खाली राहायला हवं. पन्नाशी ओलांडायला लागलं की टॉर्च घेऊन पुन्हा रेडिएटर बघा.

मार्च संपताना रेडिएटर साफ करून टप्पा ४ मधली तीस मिनिटांची फेरी घ्या. फरकाचा आकडा वहीतल्यापेक्षा पाच अंशांनी वाढला असेल आणि धूळ नसेल, तर आधी पेस्ट बदला. त्यानंतरही उतरला नाही तर पंप किंवा आतलं पाणी संपत आलंय. पाच-सहा वर्षं झालेल्या एआयओचं हे व्हायचंच, तेव्हा नवा येईपर्यंत पीबीओ बंद करून मूळ सेटिंग्जवर या.